मुलाचा ताबा आणि घरातली मारहाण: पुण्यात कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

धाकट्या बहिणीचं प्रकरण सुरू झालं तेव्हापासून निकालापर्यंत मी तिच्याबरोबर शिवाजीनगरला जात होते. मी वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, कोणत्या टप्प्यावर जोर लावायचा आणि कुठे लोक नाहक अडकतात, हे जवळून पाहिलं आहे. मुख्यतः मारहाण सोसून मुलांसह बाहेर पडलेल्या आईसाठी लिहिते आहे. आरोप ज्याच्यावर झालेत त्या वडिलांसाठीही एक टप्पा ठेवला आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. घरातली एकच हकीकत तुम्ही दोन न्यायालयांत सांगणार असता, आणि मुलाबाबतचा खरा निर्णय बहुतेकदा अंतरिम अर्जावरच, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीच्या अर्जावरच लागतो. निकालाची वाट बघत ताकद राखून ठेवू नका.

१. आधी सुरक्षितता, मग कागद

जीव धोक्यात असेल तर ११२. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हेही क्रमांक आहेत. पुणे पोलीस आयुक्तालयात भरोसा सेल आहे. तिथे समुपदेशन होतं, पण तिथल्या बैठकांमुळे न्यायालयात अर्ज करायचं थांबवू नका. ‘आधी तिथली प्रक्रिया पूर्ण करा, मग कोर्टात जा’ असा काही नियम नाही.

मार लागला असेल तर त्याच दिवशी ससूनमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून घ्या आणि ‘कुणी मारलं’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ‘जिन्यावरून पडले’ असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे उलटतपासणीत तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जातं.

मुलांना घेऊन माहेरी निघालात तर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहायला गेलात तिथे लेखी अर्ज द्या: मी अमुक कारणाने मुलांसह अमुक पत्त्यावर आले आहे. आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. ‘मुलांना पळवून नेलं’ अशी तक्रार समोरून आली तर हा एक कागद फार उपयोगी पडतो. पोलिसांनी नुसती अदखलपात्र नोंद केली तरी तिचीही प्रत घ्या.

२. दोन दारं आहेत, कोणतं कशासाठी ते समजून घ्या

पहिलं दार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ खाली इथे अर्ज होतो. संरक्षण (कलम १८), घरात राहण्याचा हक्क (१९), खर्च (२०), मुलांचा तात्पुरता ताबा (२१) आणि नुकसानभरपाई (२२) हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. तातडी असेल तर कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशही मिळू शकतो. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात साठ दिवसांवर भरवसा ठेवू नका, पण अंतरिम आदेशासाठी या मुदतींचा आधार वकिलांनी जरूर घ्यावा.

हा अर्ज म्हणजे नवऱ्याला तुरुंगात टाकण्याची केस नव्हे. आदेश दिवाणी स्वरूपाचे असतात. संरक्षण आदेश मोडला की मात्र कलम ३१ खाली गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज तुम्ही जिथे राहता तिथे करता येतो, तात्पुरत्या माहेरी असलात तरी. संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटना अहवाल, ज्याला सगळे डी.आय.आर. म्हणतात, तो करून घेतला तर उत्तम. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतात. पण अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरं दार कौटुंबिक न्यायालयाचं. घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा कायम ताबा इथे चालतो. ताब्याचा अर्ज दोन वाटांनी येतो: घटस्फोटाच्या अर्जासोबत (हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २६), किंवा घटस्फोट न मागता नुसता ताबा हवा असेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली. दुसऱ्या वाटेत मूल जिथे ‘सामान्यतः राहतं’ तिथल्या न्यायालयाचा अधिकार असतो. मूल हडपसरच्या शाळेत वर्षभर जात असेल तर ते पुण्यात राहतं हे दाखवणं सोपं. गेल्या आठवड्यात नागपूरहून आलं असेल तर हरकत येणारच, तयारी ठेवा.

पत्ता ग्रामीण भागातला असेल तर कौटुंबिक न्यायालयाऐवजी दिवाणी न्यायालयात जावं लागू शकतं. पिंपरी-चिंचवडकरांनी दंडाधिकाऱ्यांच्या अर्जाची हद्द पोलीस ठाण्यावरून आधी तपासावी.

अनेकांना माहीत नसतं, पण २००५ च्या कायद्याचं कलम २६ सांगतं की १८ ते २२ मधली सगळी मागणी कौटुंबिक न्यायालयातही करता येते. म्हणजे प्रकरण तिथे चालूच असेल तर दुसऱ्या कोर्टाची वारी टाळता येते. माझं मत विचाराल तर: धोका ताजा असेल, घराबाहेर काढलं असेल, तर दंडाधिकारी. मारहाण मागे पडली आहे आणि आता भांडण मुलावर आहे, तर एकाच छताखाली, कौटुंबिक न्यायालयात. दोन्हीकडे प्रकरणं असतील तर हिंसाचाराचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं.

सापळा: एका कोर्टात मिळालेला आदेश दुसऱ्या कोर्टाला सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. लपवलं आणि समोरच्या वकिलाने काढून दाखवलं, तर पुढे तुमच्या खऱ्या गोष्टीवरही न्यायाधीश शंका घेतात.

३. फाइल तयार करा

दोन संच ठेवा, आणि मूळ कागद कधीही कोर्टाच्या फाइलला लावून देऊ नका.

– लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व फोटो, दोघांची ओळखपत्रं
– मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाइड, फी भरल्याच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड
– आत्ताच्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल, माहेर असेल तर वडिलांचं किंवा भावाचं बिल)
– पोलिसांकडचे अर्ज, अदखलपात्र नोंदी, एफआयआर असेल तर प्रत
– दवाखान्याचे केसपेपर, इजेचे फोटो
– मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, ईमेल; मूळ फोन जपून ठेवा
– पगारपत्रकं, बँक खात्याचे उतारे, आयकर विवरणपत्रं

डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसते स्क्रीनशॉट छापून चालत नाहीत. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याबाबत थोडी मोकळीक आहे, आणि नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक प्रकरणात वापरता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं. म्हणून आता उठून मुलाच्या दप्तरात रेकॉर्डर ठेवू नका. असं केलेलं एक प्रकरण ऐकून आहे. फायदा काहीच झाला नाही आणि पोरगं मात्र घाबरून गेलं.

पोटगी मागत असाल तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. दोन कोर्टांतल्या प्रतिज्ञापत्रांमधले आकडे जुळलेच पाहिजेत. शिकवणीचे चार हजार एका ठिकाणी लिहिले आणि दुसरीकडे ‘उत्पन्न नाही’ लिहिलं, एवढ्यावर एका बाईची अख्खी तारीख वाया गेलेली पाहिली आहे.

४. शिवाजीनगरला दाखल करताना

जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकावर उतरा, रिक्षाचा आणि पार्किंगचा वैताग वाचेल. कौटुंबिक न्यायालयाची इमारत वेगळी आहे. पहिल्या दिवशी अर्धी मंडळी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच फिरत बसतात.

प्रकरणांना अक्षरं असतात: घटस्फोट वगैरे ‘पी.ए.’, ताबा ‘पी.डी.’, पोटगी ‘पी.ई.’, परस्परसंमतीचा घटस्फोट ‘पी.एफ.’. नोंदणी झाल्यावर सोळा अंकी-अक्षरी सी.एन.आर. क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. तारीख ॲपवर बघा, पण रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, स्वतः वाचायची सवय लावा. ‘अर्जदार गैरहजर’ असं चुकून लिहिलं गेलं असेल तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त होतं, दोन वर्षांनी नाही.

वकील: कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा हक्क नाही, परवानगी लागते. वकालतनाम्याबरोबर तसा अर्ज देतात आणि सहसा मंजूर होतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. शिवाय पोटगी, हिंसाचार, घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, राज्य सरकारच्या १९९४ च्या अधिसूचनेने. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

समन्स बजावणीत सगळ्यात जास्त वेळ जातो. नवऱ्याचा घरचा, कंपनीचा आणि गावाकडचा असे तिन्ही पत्ते पहिल्याच अर्जात द्या.

५. अंतरिम अर्ज: इथे सगळा जोर

अंतिम निकालाला वर्षं लागतात. तोवर मूल जिथे राहिलं, ज्या शाळेत रुळलं, तिथून त्याला हलवायला कोणतंही न्यायालय सहजासहजी तयार होत नाही. म्हणून मुख्य अर्जाबरोबरच, त्याच दिवशी, अंतरिम ताबा आणि भेटींबाबतचा अर्ज द्या.

बहुतेक अर्जांत काय लिहिलेलं असतं? ‘गैरअर्जदार हा रागीट स्वभावाचा असून अर्जदारास वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देत असे.’ हे वाक्य न्यायाधीशांनी त्या सकाळीच चार अर्जांत वाचलेलं असतं. त्याऐवजी तीन-चार प्रसंग निवडा, आणि प्रत्येकात एवढं लिहा: तारीख किंवा निदान सण-महिना, घरातली जागा, काय झालं, मूल तेव्हा कुठे होतं, त्याने काय पाहिलं, आणि नंतर त्याच्यात काय बदल दिसला. ‘गौरी-गणपतीच्या सुट्टीत, स्वयंपाकघरात, मुलगी ओट्याजवळ उभी असताना, त्यानंतर ती रात्री अंथरूण ओलं करू लागली, बालरोगतज्ज्ञांचा कागद सोबत जोडला आहे.’ असं लिहा.

मुलाचा धागा इतका ठळक का हवा? कारण ‘नवरा म्हणून वाईट असेल, पण बाप म्हणून भेटू द्यायला काय हरकत’ हा प्रश्न समोरच्या वकिलाकडून येणारच, आणि न्यायाधीशांच्या मनातही असतो. कायद्याचा निकष मुलाचं हित हा आहे, तुम्हाला झालेली इजा नव्हे. आईला होणारी मारहाण मुलाच्या हिताशी कशी जोडलेली आहे ते तुम्हीच दाखवायचं असतं. कलम २१ मध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे की भेट मुलाच्या हिताला बाधक वाटली तर दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारायची. पण वाटायला कागद लागतो.

आणि मग मागणी नेमकी करा. ‘भेट देऊ नये’ एवढंच लिहिलं आणि ते नामंजूर झालं, की अटी समोरचा सुचवतो. म्हणून पर्यायी मागणीही घाला: भेट झालीच तर न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकांच्या नजरेखाली, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, दोन तास (दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद असतं, हे विसरून आदेश घेतले जातात), मुक्काम नाही, पुणे जिल्ह्याबाहेर नेणार नाही, पासपोर्ट न्यायालयात जमा, व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. परदेशी नोकरी असलेला नवरा असेल तर पासपोर्टची अट अजिबात सोडू नका. मुलं परत आणण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही.

दोन गैरसमज कायम ऐकू येतात. ‘पाच वर्षांखालचं मूल आईकडेच’: हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये ‘साधारणपणे’ असा शब्द आहे, त्यामुळे अपवाद होतात. ‘नऊ वर्षांचं झालं की मूल म्हणेल तसं’: असं कुठलंही ठरलेलं वय नाही. समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये बोलतात आणि त्याचं म्हणणं विचारात घेतात, इतकंच. मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून ‘मानसिक छळ’ ऐकलं की कुणालाही कळतं.

सापळा: सासू, नणंद, दीर, चुलत दीर, सगळ्यांची नावं प्रत्येक प्रसंगात घालायचा मोह. ज्याने जे केलं तेवढंच लिहा. उलटतपासणीत एक नाव गळलं की बाकीचे प्रसंगही डळमळतात.

६. समुपदेशकांसमोर

कौटुंबिक न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी कायद्यानेच आहे, त्यामुळे प्रकरण समुपदेशकांकडे जातंच. घाबरू नका आणि हलक्यातही घेऊ नका.

नवऱ्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर आधीच लेखी अर्ज द्या: हिंसाचाराचा अर्ज प्रलंबित आहे, स्वतंत्र बैठक व्हावी, आणि दोघांना बाहेर पडायच्या वेळा वेगळ्या द्याव्यात. ही विनंती तोंडी केली तर गर्दीत हरवते. संरक्षण आदेश झाला असेल तर त्याची प्रत सोबत लावा.

तिथे तुम्ही जे बोलता ते गोपनीय असतं. समुपदेशकांना साक्षीदार म्हणून बोलावून तुमचं बोलणं उघड करवता येत नाही. पण ताब्याच्या प्रकरणात घरचं वातावरण, दोघांचा स्वभाव आणि मुलाशी असलेलं नातं याबाबत अहवाल न्यायालयाला दिला जाऊ शकतो. तेव्हा नवऱ्याच्या तक्रारींतच तास घालवू नका. मूल कधी उठतं, कोण डबा करतं, शिकवणीला कोण सोडतं, आजारपणात रजा कोण काढतं, हे सांगा.

‘लहान मूल आहे, सांभाळून घ्या’ असं एखाद्या टप्प्यावर कुणी तरी म्हणेलच. नातेवाईक तर आधीपासून म्हणतच असतात. नांदायला जायचं नसेल तर शांतपणे ‘समेट शक्य नाही, मुलाच्या भेटींबद्दल बोलायला तयार आहे’ एवढं सांगा. तडजोडीच्या कोणत्याही कागदावर वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका, ‘नुसती पुर्सिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) आहे’ म्हणालं तरी.

७. भेटी सुरू झाल्यावर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दंडाधिकाऱ्यांचा आदेश म्हणतो, नवऱ्याने तुमच्याशी कोणत्याही प्रकारे संपर्क करायचा नाही. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश म्हणतो, दर पंधरवड्याला मूल त्याच्याकडे द्या. मग देणार कोण आणि निरोप कसा जाणार? भेटीच्या आदेशातच लिहून घ्या: मूल आजोबांनी किंवा मामाने आणायचं, निरोप एका ठरावीक ईमेलवर, त्यात मुलापुरताच मजकूर. हे लिहिलेलं नसेल तर स्पष्टीकरणासाठी अर्ज द्या.

एक वही ठेवा. तारीख, पोहोचल्याची वेळ, तो आला की नाही, मूल परत आल्यावर कसं होतं. शेरे मारू नका, फक्त नोंद. मूल तापाने फणफणलं म्हणून भेट चुकली तर त्याच दिवशी ईमेल आणि डॉक्टरांचं पत्र पाठवा, आणि बदली तारीख स्वतःहून सुचवा. आदेश असताना भेट परस्पर बंद करू नका. भेटीत काही गंभीर घडलं तर आदेश बदलून घ्यायचा अर्ज त्याच आठवड्यात करा. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस यांचे अर्ज बरेच आधी द्या. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर सगळ्यांचेच अर्ज येतात.

८. आरोप तुमच्यावर असतील तर

तुम्ही वडील आहात आणि आरोप खोटे किंवा फुगवलेले वाटतात. तरी संरक्षण आदेश आहे तोवर तो तंतोतंत पाळा. ‘फक्त मुलाला बघायला’ शाळेच्या फाटकाशी उभं राहणं महागात पडतं. तुमचं म्हणणं वेळेत दाखल करा. एकतर्फी आदेश झाला की तो फिरवायला दुप्पट मेहनत लागते. देखरेखीखालच्या भेटी अपमान समजून नाकारू नका. त्या नियमित घ्या, वेळेत या, मुलासमोर आईबद्दल चकार शब्द काढू नका. काही महिन्यांच्या चांगल्या नोंदींवरच मोकळ्या भेटी मागता येतात. पोटगी थकवून भेटीचा हट्ट धरला तर न्यायालयाला तो आवडत नाही. आणि खरोखर हात उचलला असेल, तर समुपदेशन घेतल्याचा कागद नुसत्या नकारापेक्षा जास्त कामाचा.

९. पुरावा, निकाल, अपील

साक्षीचं शपथपत्र अर्जाशी ताडून पाहा. उलटतपासणीत जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्या. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. सुनावणी बंद दाराआड व्हावी अशी विनंती करता येते. प्रकरणातले कागद, मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील होतं. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर उच्च न्यायालयात अपील आहे, पण अंतरिम आदेशावर नाही. तिथे रिट याचिका करावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात येत नाही, आपल्याला मुंबईच.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, गाव बदललं, मूल मोठं झालं, तर बदल मागता येतो. निकालाच्या दिवशीच साक्षांकित नकलांचा अर्ज द्या, चार-पाच प्रती घ्या. एक शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी पत्रासह द्या, मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं त्यात लिहा, आणि पोच घ्या. स्कूल व्हॅनच्या काकांनाही तीच यादी द्या. शाळेत सगळं नीट असतं, पण मूल नेमकं व्हॅनच्या थांब्यावरूनच कुणाच्या तरी हाती दिलं जातं.